‘ओन्ली’ आणि ‘फक्त’ : शासनव्यवहारातील एका लहान शब्दाचा विचार

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, वज्रेश्वरीच्या परिसरात, तानसा नदीच्या काठी अकलोली हे गाव आहे. तेथील गरम पाण्याची कुंडे सर्वश्रुत असून त्यांत स्नान करण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. एकाहून अधिक कुंडे आणि येणारे-जाणारे पुष्कळ, अशा ठिकाणी सूचनाफलक लावावे लागतात. समजा, अशा एका कुंडासाठी फलक लिहिण्याचे काम आपणांकडे आले आहे. मजकूर साधा आहे : ‘महिलांनी या कुंडात सकाळी स्नान करावे.’ या वाक्यात ‘फक्त’ हा एकच शब्द घालावयाचा आहे. तो कोठे घालावा?

‘फक्त महिलांनी या कुंडात सकाळी स्नान करावे’ असे लिहिले, तर सकाळच्या वेळी पुरुषांना या कुंडात मज्जाव झाला. ‘महिलांनी फक्त या कुंडात सकाळी स्नान करावे’ असे लिहिले, तर पुरुषांवर कसलेही बंधन राहिले नाही. उलट शेजारची कुंडे महिलांना बंद झाली. ‘महिलांनी या कुंडात फक्त सकाळी स्नान करावे’ म्हटले, की सायंकाळी आलेल्या महिलेला परत जावे लागेल. आणि ‘महिलांनी या कुंडात सकाळी फक्त स्नान करावे’ असा फलक लागला, तर त्याचा अर्थ इतकाच की, तेथे कपडे धुऊ नयेत.

शब्द तेच, संख्या तीच. एक शब्द दोन बोटे इकडेतिकडे सरकला आणि चार वेगवेगळे नियम तयार झाले. पहिल्या फलकाने महिलांची सोय केली. दुसऱ्या व तिसऱ्या फलकाने तीच सोय त्यांची अडचण ठरली. फलक लिहिणाऱ्याच्या मनात मात्र चारही वेळा एकच हेतू असू शकतो. सभागृहात बोलताना आपण योग्य शब्दावर जोर देतो आणि ऐकणाऱ्यास अर्थ कळतो. कागदाला आवाज नसतो. म्हणूनच शासनव्यवहारात या शब्दाचा वेगळा विचार करणे अगत्याचे आहे.

इंग्रजी ‘ओन्ली’चे स्वरूप

आपल्या परिपत्रकांत, नियमांत व ठरावांत ‘फक्त’, ‘केवळ’ हे शब्द पुष्कळदा इंग्रजी मसुद्यातील ‘ओन्ली’ या शब्दाच्या जागी येतात. म्हणून प्रथम त्या शब्दाची ओळख करून घेणे योग्य होईल.

‘ओन्ली’ हा इंग्रजीतील अत्यंत प्रचलित शब्दांपैकी एक होय. जुन्या इंग्रजीतील ‘एक’ या अर्थाच्या शब्दाला ‘सारखा’ या अर्थाचा प्रत्यय लागून तो बनला. म्हणजे ‘एकासारखा, एकटा’ हा त्याचा मूळ अर्थ. विशेषण म्हणून तो आजही या मूळ अर्थाजवळ आहे. ‘ओन्ली सन’ म्हणजे एकुलता एक मुलगा. क्रियाविशेषण म्हणून मात्र त्याची कामे वाढली आहेत. ‘याशिवाय दुसरे नाही’ हे त्याचे मुख्य काम. ‘ओन्ली यस्टरडे’ म्हणजे ‘फक्त काल’ नव्हे, तर ‘कालच, अगदी अलीकडे’. ‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’. पण हेच दोन शब्द उलटे करून ‘इफ ओन्ली’ म्हटले, की ‘असे झाले असते तर किती बरे’ अशी हळहळ व्यक्त होते. ‘नॉट ओन्ली’ म्हणजे ‘इतकेच नव्हे तर’. ‘ओन्ली टू ग्लॅड’ या प्रयोगात तर ‘फक्त’चा मागमूसही नाही; तेथे अर्थ ‘अतिशय आनंदाने’ असा आहे.

या शब्दाची खरी अडचण अर्थापेक्षा स्थानाची आहे. इंग्रजी बोलणारा माणूस तो शब्द सवयीने क्रियापदाच्या आधी ठेवतो आणि मर्यादा ज्या शब्दाला घालावयाची त्यावर आवाजाचा जोर देतो. ‘आय ओन्ली सॉ द सरपंच’ या वाक्याचा बोलण्यातील नेहमीचा अर्थ ‘मी फक्त सरपंचांना पाहिले, इतरांना नाही’ असा होतो. परंतु अक्षरशः वाचले तर ‘मी सरपंचांना फक्त पाहिले, त्यांच्याशी बोललो नाही’ असाही अर्थ निघतो. इंग्रजी वाचक संदर्भाने निवड करतो. भाषांतरकार मात्र शब्दाच्या जागी शब्द ठेवीत गेला, तर मराठीत दुसराच अर्थ कायम होऊन बसतो. कारण मराठीत ‘फक्त’ हा शब्द सामान्यतः आपल्या लगत पुढे येणाऱ्या शब्दाला बांधतो.

मराठीतील चार शब्द

इंग्रजीत जे काम बव्हंशी एका शब्दावर पडते, त्यासाठी मराठीत निदान चार साधने आहेत : ‘च’, ‘फक्त’, ‘केवळ’ आणि ‘मात्र’. मराठी व्याकरणकार यांची गणना कैवल्यवाचक शब्दयोगी अव्ययांत करतात. ती एकमेकांची पर्यायी नाणी नव्हेत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

‘च’ हे सर्वांत लहान आणि सर्वांत नेमके साधन. ते ज्या शब्दाला लागते त्यालाच मर्यादा घालते आणि विभक्तिप्रत्ययाच्याही नंतर येते : ‘शेतकऱ्यांनाच’, ‘सोमवारीच’, ‘कार्यालयातच’. पुढील तीन वाक्ये पाहावीत. ‘सरपंचांनीच ठराव मांडला’ : दुसऱ्या कोणी मांडला नाही. ‘सरपंचांनी ठरावच मांडला’ : नुसती सूचना करून ते थांबले नाहीत. ‘सरपंचांनी ठराव मांडलाच’ : मांडतील की नाही अशी शंका होती, तरी मांडला.

हा भेद आपल्याकडील शास्त्रकारांनी फार पूर्वी ओळखला होता. सातव्या शतकातील बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्ती याने संस्कृतातील ‘एव’ या अव्ययाचे असेच तीन प्रकार दाखविले आहेत. परंपरेने चालत आलेली उदाहरणे मराठीत सांगावयाची तर अशी : ‘अर्जुनच धनुर्धर आहे’ असे म्हणताना इतरांना वगळले जाते, ‘चैत्र धनुर्धरच आहे’ असे म्हणताना चैत्राच्या ठिकाणी धनुर्विद्या नसल्याची शंका दूर केली जाते, दुसरे धनुर्धर नाहीत असा दावा नसतो, आणि ‘कमळ निळे असतेच’ असे म्हणताना तसे कमळ मुळीच संभवत नाही हा समज खोडून काढला जातो. यांस अनुक्रमे अन्ययोगव्यवच्छेद, अयोगव्यवच्छेद व अत्यंतायोगव्यवच्छेद अशी नावे आहेत. नावे अवघड असली तरी त्यांतील प्रश्न सोपा व व्यावहारिक आहे : हा शब्द नेमके कोणाला वगळतो?

‘फक्त’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. राज्यव्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाला. अनेक फारसी शब्द मागे पडले. ‘फक्त’ टिकला, तो इतका की आज तो परका आहे हेही कोणास जाणवत नाही. संख्या, मुदत, दिवस, ठिकाण यांची मर्यादा सांगताना तो सहज शोभतो.

‘केवळ’ हा संस्कृत ‘केवल’ शब्दाचा वारस. ‘केवळ’ विशेषेकरून कारणांच्या सोबतीला येतो : ‘केवळ संशयावरून’, ‘केवळ उशीर झाला म्हणून’. या शब्दाचा विस्ताराने विचार पुढे केला आहे.

‘मात्र’ हा सर्वांत फसवा. संस्कृतात त्याचा संबंध मापाशी आहे. त्यामुळे ‘एवढेच माप’ आणि ‘संपूर्ण माप’ असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. ‘नाममात्र शुल्क’ म्हणजे नावापुरते शुल्क. पण ‘प्राणिमात्र’ म्हणजे झाडून सारे प्राणी. शिवाय आजच्या मराठीत ‘मात्र’ म्हणजे ‘परंतु’. ‘निमंत्रितांना मात्र प्रवासखर्च देय राहील’ असे एखाद्या परिपत्रकात आले, तर ‘फक्त निमंत्रितांनाच’ असे वाचावे की ‘निमंत्रितांना तरी’ असे वाचावे? लेखापरीक्षक एक अर्थ घेईल आणि देयक सादर करणारा दुसरा. सबब मर्यादा घालण्यासाठी मसुद्यात ‘मात्र’ वापरू नये. तो ‘परंतु’च्या अर्थासाठी राखून ठेवावा, हे सुरक्षित.

‘रुपये पाचशे फक्त’

‘मात्र’ व ‘फक्त’ हे दोन्ही शब्द एका ठिकाणी निःशंकपणे वापरले जातात, ते म्हणजे रकमेच्या शेवटी. ग्रामपंचायतीचा धनादेश सरपंच व सचिव यांच्या संयुक्त सहीने निघतो आणि त्यावर ‘रुपये पाचशे फक्त’ असे अक्षरी लिहिले जाते. येथे ‘फक्त’चा अर्थ ‘पाचशे रुपये ही रक्कम थोडी आहे’ असा नसतो. त्याचे काम कुंपणाचे आहे : पाचशेच्या पुढे कोणी ‘पंचवीस’ किंवा आणखी काही जोडू नये. आकड्यांपुढील आडवी-तिरपी रेघ हेच काम करते.

१८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ अन्वये आकडी व अक्षरी रकमेत फरक आढळल्यास अक्षरी रक्कम ही खरी मानावयाची असते. त्यामुळे अक्षरी रकमेच्या शेवटी जागा मोकळी न सोडण्याला विशेष महत्त्व आहे. या शब्दावाचून धनादेश अवैध ठरतो असे नव्हे. परंतु तो लिहिण्याची शिस्त शहाणपणाची आहे.

लिखाणाला कुंपण घालण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब उमटविलेली आढळते. येथे लिखाणाची सीमा झाली, यापुढील मजकूर आमचा नव्हे, असा तिचा आशय. उर्दू पत्रव्यवहारातही ‘फकत’ हा शब्द पत्राच्या अखेरीस समाप्तिदर्शक म्हणून लिहिण्याची चाल होती. धनादेशावरील ‘फक्त’ आणि पत्राखालची मोर्तब यांचे काम अशा रीतीने एकच ठरते.

‘तर’ आणि ‘तरच’

रकमेला कुंपण घालणे चांगले. माणसांना कुंपण घालताना मात्र अधिक विचार हवा. ‘अर्जासोबत सात-बारा उतारा असेल तर अर्ज स्वीकारावा’ आणि ‘अर्जासोबत सात-बारा उतारा असेल तरच अर्ज स्वीकारावा’ या दोन वाक्यांत एका अक्षराचे अंतर आहे. पहिल्या वाक्याने उतारा असलेल्याचा अर्ज घेण्यास सांगितले; उतारा नसलेल्याचे काय करावे, हे सांगितले नाही. दुसऱ्याने त्याला परत पाठविण्याची आज्ञा केली. जमीन पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावावर आहे अशी अकलोलीची एखादी शेतकरी महिला तालुक्याच्या ठिकाणी अर्ज घेऊन गेली, तर तिला खिडकीवर आत घ्यावयाचे की बाहेर ठेवावयाचे, याचा निकाल त्या ‘च’ने आधीच लावलेला असतो. एका खेपेला तिची एका दिवसाची मजुरी बुडते. मूळ योजनेत खरोखर तसा निर्बंध असेल, तर ‘तरच’ लिहिणे हे कर्तव्यच होय. परंतु मूळ इंग्रजीत नुसते ‘इफ’ असताना वाक्य ठसठशीत व्हावे म्हणून भाषांतरात ‘तरच’ आले असेल, तर तो शैलीचा प्रश्न राहात नाही. एका माणसाचा हक्क त्यात गेलेला असतो.

येथे दुसरीही एक चूक संभवते. ‘तरच’ ही अट सांगते, आश्वासन देत नाही. ‘वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली असतील तरच मतदार यादीत नाव येईल’ याचा अर्थ अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाचे नाव आपोआप येईल असा होत नाही. त्या मतदारसंघातील सर्वसाधारण रहिवास इत्यादी अन्य अटी आहेतच. ग्रामसभेत योजनेची माहिती देताना ‘तरच’चे रूपांतर बोलता बोलता ‘म्हणजे झाले’ असे होते आणि पुढे गैरसमज वाढतात.

‘केवळ’ : कोणाचे हात बांधणारा शब्द?

आतापर्यंतच्या उदाहरणांत हा शब्द अर्जदारांपैकी कोणाला तरी बाहेर ठेवतो. ‘केवळ’चा एक प्रयोग याच्या उलट आहे. ‘केवळ अमुक कारणावरून नाकारू नये’ असे म्हटले, की शब्द नाकारणाऱ्याचे हात बांधतो.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या पहिल्या खंडात धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान या कारणांवरून राज्याने नागरिकांत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. तेथे इंग्रजी पाठात ‘ओन्ली’ आणि मराठी पाठात ‘केवळ’ हा शब्द आहे. राज्याच्या किंवा राज्याकडून साहाय्य मिळणाऱ्या शिक्षणसंस्थांतील प्रवेशासंबंधीच्या अनुच्छेद २९ (२) मध्येही तो येतो. वरवर पाहता या शब्दाने मनाईला धार आली असे वाटते. न्यायालयापुढे मात्र त्याची दुसरी बाजू उघड झाली.

एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मीर्झा या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली दिला. एअर इंडियाच्या त्या वेळच्या नियमांनुसार हवाईसुंदरीची सेवा पस्तिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास विवाहानंतर, किंवा पहिल्या गरोदरपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा संपुष्टात येत असे. विमानात काम करणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यांना असे नियम नव्हते. हा स्त्री म्हणून भेदभाव आहे, असा दावा होता. न्यायालयाने म्हटले की, संविधानाची मनाई केवळ लिंगाच्या कारणावरून होणाऱ्या भेदभावास आहे. लिंगाबरोबर इतर बाबीही विचारात घेतल्या असतील, तर ती मनाई लागू होत नाही. हवाईसुंदरींची भरती, श्रेणी व सेवाशर्ती वेगळ्या असल्याने त्यांचा वर्ग वेगळा मानला गेला. विवाहाबाबतचा चार वर्षांचा नियम टिकला. गरोदरपणाची अट रद्द झाली, परंतु ती अनुच्छेद १४ खाली, मनमानीच्या कारणावरून.

या वाचनावर पुढे टीका होत राहिली. नवतेजसिंग जोहर खटल्याच्या २०१८ मधील निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात ‘ओन्ली’चा असा संकुचित अर्थ लावण्यावर आक्षेप घेतला. लिंगाधारित भेदभावाबरोबर जोडलेली ‘इतर’ कारणे पुष्कळदा स्त्री-पुरुषांविषयीच्या रूढ कल्पनांतूनच आलेली असतात, आणि तसे असल्यास तो भेदभाव लिंगावरूनच झालेला असतो, हा त्यामागील विचार होय. एका क्रियाविशेषणाच्या अर्थावर एवढा काळ आणि एवढ्या माणसांचे हित अवलंबून राहू शकते, हे अधिकारीवर्गाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यापासून मसुदाकारास मिळणारा धडा असा : ‘केवळ’ने बळकट झालेली दिसणारी मनाई प्रत्यक्षात कमकुवत झालेली असू शकते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ याचे उदाहरण घ्यावे. त्याच्या कलम १४ (२) अन्वये वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही बालकास शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. आता एखाद्या शाळेने आपल्या सूचनाफलकावर हाच आशय ‘केवळ जन्मदाखला नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला जाणार नाही’ असा लिहिला, तर काय होईल? हेतू चांगलाच आहे. परंतु वाचणारा असे म्हणू शकेल : ‘या मुलाजवळ केवळ जन्मदाखलाच नव्हे, तर आधीच्या शाळेचा दाखलाही नाही, तेव्हा हा नियम त्याला लागू नाही.’ वास्तविक आधीच्या शाळेचा दाखला आणण्यास उशीर झाला, म्हणून प्रवेश लांबविणे किंवा नाकारणे यासही त्याच अधिनियमाच्या कलम ५ ने मनाई केली आहे. कायद्याने दोन्ही दारे उघडी ठेवली असताना आपल्या एका शब्दाने त्यांतील फट बुजवावी, हे इष्ट नाही. अशा ठिकाणी ‘केवळ’ गाळून ‘जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारला जाणार नाही’ असे साधे वाक्य लिहिणे अधिक बळकट ठरते.

कोशात शब्द मिळतो, जागा मिळत नाही

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्याच वर्षी, म्हणजे १९६० साली, भाषा संचालनालय अस्तित्वात आले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा झाली. पदनामकोश, १९७३ चा शासन व्यवहार कोश आणि निरनिराळ्या विषयांचे परिभाषाकोश यांनी शासनव्यवहाराला शब्द पुरविले. हे कार्य मोठे आहे. परंतु कोणताही कोश ‘ओन्ली’पुढे ‘फक्त, केवळ’ असे लिहून थांबतो. त्यापुढचे काम, म्हणजे वाक्यात तो शब्द कोणत्या शब्दाशेजारी बसवावयाचा हे ठरविणे, टिप्पणी लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याचे, ठरावाचा मसुदा करणाऱ्या सचिवाचे आणि इतिवृत्तावर सही करणाऱ्या सरपंचाचे आहे. ते दुसऱ्या कोणावर सोपविता येत नाही.

शिक्षकांसाठी दोन शब्द

मराठी मुलांच्या इंग्रजीत ‘ओन्ली’ हमखास वाक्याच्या शेवटी येते : ‘आय केम टुडे ओन्ली.’ विद्यार्थ्याच्या मनात ‘मी आजच आलो’ हे वाक्य असते आणि ‘आज’नंतर ‘च’ येतो, म्हणून ‘टुडे’नंतर ‘ओन्ली’ येते. परदेशी वाचक ‘टुडे ओन्ली’ हे शब्द ‘आज एकच दिवस’ असे वाचतो. दुकानावरील सवलतीच्या पाट्यांवर ते त्याच अर्थाने असतात. ‘आय केम ओन्ली टुडे’ असे शिकविल्यास अर्थ नीट पोहोचतो. ही चूक अज्ञानाची म्हणून हिणवू नये. मुलाने आपल्या भाषेचा नियम इमानाने दुसऱ्या भाषेत नेला आहे, हे त्यास दाखवून द्यावे.

प्रत्येक ‘च’साठी ‘ओन्ली’ लागत नाही, हेही सांगावे. ‘तोच माणूस’ म्हणजे ‘द सेम मॅन’. ‘तो स्वतःच आला’ म्हणजे ‘ही केम हिमसेल्फ’. तसेच ‘ओन्ली’युक्त क्रियाविशेषणाने वाक्याचा आरंभ झाला, तर पुढे साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते : ‘ओन्ली देन डिड ही साइन’, म्हणजे ‘तेव्हाच त्याने सही केली’. वर्गात एक सोपा पाठ घेता येईल. गावातील एखाद्या फलकावरचे वाक्य फळ्यावर लिहावे, मुलांना ‘फक्त’ हा शब्द एकेका जागी ठेवावयास सांगावे आणि प्रत्येक वेळी विचारावे : ‘आता कोणाला मनाई झाली?’ व्याकरण, तर्क आणि नागरिकशास्त्र यांचा हा एकत्र पाठ होईल.

मसुदा करताना

शेवटी काही सूचना मांडाव्याशा वाटतात. ज्या शब्दाला मर्यादा घालावयाची, त्याच्या अगदी लगत ‘फक्त’ ठेवावा, किंवा त्या शब्दालाच ‘च’ जोडावा. एका वाक्यात एकच मर्यादा घालावी. ‘अर्ज फक्त सोमवारी तहसील कार्यालयात स्वीकारले जातील’ या वाक्यात बंधन दिवसाचे की ठिकाणाचेही, हे कळत नाही. त्याची दोन वाक्ये करावीत. ‘मात्र’ हा शब्द ‘परंतु’साठी ठेवावा. ‘केवळ या कारणावरून नाकारू नये’ असे लिहिताना, दुसरे एखादे कारण पुढे करून नाकारण्यास आपण वाट ठेवीत आहोत काय, हे पाहावे. भाषांतर करताना ‘ओन्ली’च्या जागेकडे न पाहता त्याच्या रोखाकडे पाहावे. आणि मसुदा पूर्ण झाल्यावर तो जोर न देता, सपाट आवाजात एकदा मोठ्याने वाचावा. शक्य झाल्यास विषयाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडून वाचवून घ्यावा. तिला जो अर्थ कळेल, तोच गावकऱ्यांना कळणार आहे.

अकलोलीच्या त्या कल्पित फलकाकडे पुन्हा वळू. महिलांच्या सोयीसाठी सकाळची वेळ राखून ठेवणे हा हेतू असेल, तर फलकाचा योग्य मजकूर असा होईल : ‘या कुंडात सकाळची वेळ महिलांसाठी राखीव आहे. इतर वेळी सर्वांना प्रवेश आहे.’ यात ‘फक्त’ मुळीच नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. कोणाला प्रवेश नाही हे शोधण्यापेक्षा कोणाला केव्हा प्रवेश आहे हे स्पष्ट सांगितले, म्हणजे पुष्कळ वेळा या शब्दाची गरजच उरत नाही. आणि जेथे ती खरोखर उरते, तेथे तो लिहिण्यापूर्वी, या शब्दामुळे कोण बाहेर राहील, याचा क्षणभर विचार व्हावा. तो माणूस बहुधा आपल्यासमोर नसतो. तो फलक वाचून परत गेलेला असतो.